तांडेलाची लिफ्ट

खालापूरच्या बाजारात त्यांचे पंपदुरुस्तीचे दुकान होते. दुकानावर पाटी नव्हती. पाटी लावली की अनोळखी माणसे येतात, आणि अनोळखी माणसांनी पंप नीट ठेवलेले नसतात, असे त्यांचे म्हणणे होते. लोक त्यांना तांडेल म्हणत. तांडेल म्हणजे होडीवरचा प्रमुख. त्यांचे वाडवडील राजपुरीच्या खाडीत होड्या चालवीत. ते स्वतः तरुणपणीच किनारा सोडून घाटाच्या पायथ्याशी आले आणि डिझेलच्या पंपांत रमले. समुद्र सुटला, नाव सुटले नाही.

ते गेले त्याला दुसरा पावसाळा उलटला.

तांडेल सगळ्या जगाला अरेतुरे करीत. गिऱ्हाइकाला, डॉक्टरला, मशिदीतल्या इमामांना आणि टोलनाक्यावरच्या पोलिसाला. मी भिवपुरीच्या वीजकेंद्रातून फोरमन म्हणून निवृत्त झालेला माणूस. माझ्याशी माझी मुलेसुद्धा मोजून बोलतात. झडप बिघडलेला पंप घेऊन मी प्रथम त्यांच्या दुकानात गेलो, तेव्हा ते मला म्हणाले, "तू झडप बदलून घे. आनि चष्माबी बदल. ही झडप उलटी लावलीस तू." झडप खरोखर उलटी लागली होती. मी त्यांना अखेरपर्यंत 'तुम्ही' म्हणत राहिलो. त्यांनी अखेरपर्यंत मला 'तू' म्हटले. दोघांपैकी कोणीही मागे हटले नाही.

आदरार्थी बोलणे त्यांनी दोघांसाठीच राखून ठेवले होते. एक त्यांची पत्नी, दुसरे त्यांच्या होडीचे इंजिन. "तुमी जरा दमानं घ्या," असे ते इंजिनाला म्हणत आणि मग हँडल फिरवीत. कारण विचारले तर सांगत, "या दोगांना अरेतुरे करून चालत नाय. दोगंबी रुसली की आपन जागच्या जागी."

होडी लाकडी होती. तिच्या पोटात मध्यभागी, लाकडी झाकणाखाली, त्यांच्या वडिलांच्या मचव्यातले जुने एका सिलिंडरचे इंजिन बसवलेले होते. होडीच्या मागे बाहेरून अडकवायची हलकी इंजिने आता सर्रास मिळतात. तशी एक बसवा, असे त्यांना अनेकांनी सुचवले. ते म्हणत, "मागं टांगल्यालं इंजिन म्हंजे शेळीचं शेपूट. माशी वारत नाय नि लाज झाकत नाय. इंजिन पोटात पायजे. मानसाचं काळीज कुटं असतं? पाठीवर?"

खालापूरच्या पुढे डोंगराच्या कुशीत एक तलाव आहे. कोण्या बंद पडलेल्या कारखान्याने पूर्वी पाण्यासाठी बांधलेला. त्याच्या काठावर तांडेलांनी थोडी जमीन घेऊन दोन खोल्या बांधल्या होत्या. खारे पाणी आणता येत नाही म्हणून गोडे पत्करले, असे ते सांगत. काठापासून निळ्या पिंपांवर तरंगणारा एक धक्का त्यांनी स्वतः बांधला होता. पाणी चढले की धक्का चढे, उतरले की उतरे. काठावरून धक्क्यावर जाण्यासाठी बिजागरीवर हलणारी रुंद फळी होती. धक्क्याला होडी बांधलेली असे. दर रविवारी सकाळी नवरा-बायको तलावाला एक फेरी मारीत. भाभी सुकाणू धरीत, तांडेल इंजिनाशेजारी बसत. त्या एका लाँचवाल्याच्या कन्या. सुकाणू त्यांनी नवऱ्याच्या आधी धरले होते आणि हे त्या तांडेलांना विसरू देत नसत.

मग भाभींना पक्षाघात झाला. डावी बाजू गेली. वाचा राहिली, थोडी जड झाली. चाकांची खुर्ची आली. सहा-सात महिन्यांनी त्यांनी होडीत बसायचे आहे असे सांगितले. पुतण्यांनी त्यांना खुर्चीसकट उचलले. होडी बांधलेली असली तरी पाण्यावर हलते. एकाचा पाय धक्क्यावर, दुसऱ्याचा होडीत, आणि मध्ये भाभी. होडी सरकली. त्या पडल्या नाहीत, पण बराच वेळ धक्का आणि होडी यांच्यामध्ये अधांतरी राहिल्या आणि चार तरुण एकमेकांवर ओरडत राहिले. त्यांना परत धक्क्यावर ठेवले तेव्हा त्या म्हणाल्या, "परत मला कुनी हात लावायचा नाय. मी काय तांदळाचं पोतं नाय. माझ्या खुर्चीतनं, माझ्या चाकांवर जाईन. नायतर नाय जानार."

त्या दिवसापासून तांडेल लिफ्ट शोधू लागले.

होडी पाण्याबाहेर उचलून ठेवणारी यंत्रे मिळतात. पाण्यात ठेवलेले लाकूड कुजते, शेवाळ धरते, पावसात होडी भरते. म्हणून काम संपले की होडी वर घ्यायची. तांडेलांनी सर्वांना हेच कारण सांगितले. मलाही हेच सांगितले. माझी उभी हयात पाण्याचे दरवाजे, कप्प्या आणि क्रेन यांत गेली होती, म्हणून त्यांनी मला निवडीला बोलावले. मी गेलो. त्या वर्षी माझ्या घरी बोलायला कोणी उरले नव्हते.

पहिला प्रश्न वजनाचा. विक्रेत्याने फोनवर होडीचे वजन विचारले. तांडेल म्हणाले, "एरवी सात मानसं. रमझानात नऊ."

मी फोन घेतला. किनाऱ्यावर होडीचे वजन ती ओढून वर काढायला किती माणसे लागतात यावर सांगतात, आणि उपवास असला की माणसे वाढतात, हे मला तोपर्यंत ठाऊक झाले होते. मी त्याला वजन कळवतो असे सांगितले आणि होडी टेंपोवर चढवून हमरस्त्यावरच्या वजनकाट्यावर नेली.

काट्यावर तांडेल होडीतून उतरेनात.

"तुम्ही खाली या. होडीचे वजन हवे आहे."

"मी असताना वजन कर."

"का?"

"ती रिकामी कंदी जानारच नाय. मानसासकट किती व्हतंय ते बघ."

काट्यावरच्या कारकुनाने खिडकीतून मान बाहेर काढून विचारले, "चाचा, पावतीवर माल काय लिहू?"

"माल नाय. पाहुनी हाय."

"पाहुनीचं वजन करत्यात का कुनी?"

"तुज्या लग्नात सासऱ्यानं केलं नव्हतं?" तांडेल म्हणाले. मागे उभ्या असलेल्या ट्रकांचे चालक हसले. मी पुन्हा टेंपो रिकामा तोलला आणि तांडेलांना काट्यावर वेगळे उभे केले. एवढ्या साध्या गोष्टीला अर्धी सकाळ गेली.

दुसरा प्रश्न तोलाचा. पोटात इंजिन असलेल्या होडीचा तोल मध्यावर नसतो, इंजिनाकडे सरकलेला असतो. शिवाय इंजिनाचा लोखंडी दांडा तळातून बाहेर येतो. त्याच्या टोकाला पंखा, त्यामागे सुकाणूचे पाते. लिफ्टचे आधार यांतल्या कशालाही लागले तर दांडा वाकतो आणि होडी निकामी होते. म्हणून आधार कोठे द्यायचे हे आधी ठरवावे लागते. मी कागदावर हिशेब केला. तांडेलांनी आंब्याचा एक गोल ओंडका आणला, होडी काठावर त्याच्यावर चढवली आणि पुढे-मागे सरकवीत राहिले. भाभी पडवीत खुर्चीवर बसून बघत होत्या.

"अजून जरा फुडं," त्या म्हणाल्या.

"तुमी सांगाल तसं."

"फुडं म्हनलं मी. तुमी मागं चाललाय."

होडी ओंडक्यावर थांबली. दोन्ही टोके हवेत, निश्चल. मी माझ्या कागदावरची जागा मोजून पाहिली. दोन्ही जागा जुळल्या. तांडेलांनी माझा कागद मागून घेतला आणि भाभींना दाखवला. त्यांना माझे आकडे वाचता येत नव्हते. त्यांनी मान डोलावली.

मग आम्ही लिफ्टा बघायला निघालो. तळोज्याकडच्या एका कार्यशाळेत तीन प्रकार मांडलेले होते. पहिला चार खांबांचा. खांब तळात रोवायचे, त्यांवरून तारेचे दोर सोडायचे, मोटर लावून फळ्यांवर ठेवलेली होडी उचलायची. दुसऱ्यात फळ्यांऐवजी वरून जाड पट्टे सोडलेले, त्यांच्या झोळीत होडी. तिसऱ्यात दोन लांबट टाक्या आणि त्यांच्यामध्ये पाळण्यासारखी चौकट. टाक्यांत पाणी भरले की चौकट बुडते, होडी तिच्यावर येते. टाक्यांत हवा भरली की सगळे मिळून वर येते. खांब नाहीत, दोर नाहीत. तरंगती.

विक्रेता नीटनेटका, उत्साही तरुण होता. तो पट्ट्यांच्या लिफ्टची महती सांगू लागला. तांडेलांनी चपला काढल्या, टोपी माझ्या हातात दिली आणि ते त्या झोळीत आडवे झाले.

"चाचा, हे काय करताय?"

"वर घे."

"माणसासाठी नाहीये ती."

"वर घेऊ नको मग. असाच राहू दे." थोडा वेळ ते डोळे मिटून पडून राहिले. "दोनी बरगड्या दाबतंय. हिचं पोट फुटंल. होडी झोपायला पायजे, टांगायला नको. टांगत्यात ते बोकड."

चार खांबांच्या लिफ्टच्या फळ्यांवर ते पालथे झोपले, मग उताणे. म्हणाले, "हे बरं हाय." मग तिसऱ्यावरही झोपले, पण टाक्यांवर हात मारून बघून नाक मुरडले. "ह्ये पिंप हाय. पिंपावर भरवसा मी सोता बांदलं तरच." कार्यशाळेतली सगळी माणसे कामे सोडून जमली होती. मी टोपी हातात धरून उभा होतो. माझ्या नोकरीत असा प्रसंग कधी आला नव्हता.

चार खांबांची लिफ्ट त्यांच्या मनात भरली. मी हरकत घेतली. पावसाळ्यात तो तलाव काठोकाठ भरतो आणि मे महिन्यात त्याचे पाणी पुरुषभर, कधी त्याहून खाली जाते. खांब जागचे हलणार नाहीत. उन्हाळ्यात होडी वर आणि पाणी कोठे तरी खोल. तांडेलांनी ऐकून घेतले. मग त्यांनी विक्रेत्याला विचारले, "होडीत मानूस बसला असंल तर ही उचलंल?"

"नाही चाचा. उचलताना, सोडताना होडीत कुणी बसायचं नाही. ही बघा सूचना."

"उचलायची ताकत हाय का नाय ते सांग."

"ताकद आहे. परवानगी नाही."

तेव्हा माझ्या ध्यानात आले. धक्क्याच्या पातळीला होडी आणायची. लिफ्टवर बसलेली होडी हलत नाही. फळी टाकायची, खुर्ची आत ढकलायची, चाके बांधायची आणि खुर्चीसकट होडी खाली सोडायची. भाभींना कोणाचा हात लागणार नव्हता. वजनकाट्यावरून ते का उतरले नाहीत तेही कळले.

परतताना टेंपोत मी त्यांना सांगितले, "माणूस भारासोबत वर-खाली जात नाही. हा नियम आहे. मी तो कोणासाठी मोडलेला नाही."

"भार? ती भार हाय व्हय रं?"

"दोर तुटला की दोराला ते कळत नाही."

"तुज्यापरीस दोर बरा. त्यो तुटंपर्यंत तरी धरून ठेवतो." चौकात मी उतरलो. त्यांनी निरोप घेतला नाही.

पंधरा-वीस दिवस मी तिकडे फिरकलो नाही. नियम बरोबर होता. वीजकेंद्रात क्रेनच्या हुकाला धरून वर गेलेला एक माणूस खाली कसा आला ते मी पाहिले होते. त्याविषयी मी बोलत नाही.

मग भाभींचा फोन आला. त्या कधी फोन करीत नसत.

"भाऊ, हे चार खांबवाल्याला सांगून बसलेत. तो सूचनेचा कागद फाडून देतो म्हनतोय."

"भाभी, तुम्ही बसू नका त्यात."

"नाय बसत. तुमचा नियम खरा हाय. माझ्या बापाच्या लाँचवरबी व्हता तसा." त्या थांबल्या. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागे. "पन मग मी कसं जायाचं, तेवडं सांगा. नाय जमत म्हनून सांगितलंत तरी चालंल. हे रोज धक्क्यावर जाऊन बसत्यात. आता बोलतबी नाय माझ्याशी. मला होडी नको असं मी खोटं सांगितलं तर त्यांना कळंल."

मी उद्या येतो असे सांगितले.

वीजकेंद्रात टर्बाइनमधून बाहेर पडणारे पाणी जिथे साठते, तिथे भिंतींची तपासणी करायला आम्ही एक तराफा सोडत असू. त्यावर माणसे उभी राहत, हत्यारे घेऊन, दिवसदिवस. त्याला कोणी कधी हरकत घेतली नाही, मीही नाही. भार लटकत असेल तर त्याखाली आणि त्यावर माणूस नको. तरंगत असेल तर तो भार नव्हे, होडी आहे. तांडेल होडीला टांगू देत नव्हते आणि मी माणसाला. एवढा काळ आम्ही एकाच गोष्टीसाठी भांडत होतो आणि दोघांच्याही ते लक्षात आले नव्हते.

सकाळी मी गेलो तेव्हा ते धक्क्यावर पाय सोडून बसले होते. मी शेजारी उभा राहिलो.

"तरंगती घ्या," मी म्हणालो.

"पिंपावर भरवसा नाय."

"तुम्ही पिंपांवरच बसला आहात."

त्यांनी खाली पाहिले.

"फोरमन, तू लई वाकडा मानूस हाय," ते म्हणाले. "चा घेनार?"

कार्यशाळेतल्या मुख्य अभियंत्याला मी स्वतः विचारले. तरंगत्या लिफ्टवर होडीत बसलेले माणूस चालेल, पण ते बसलेले आणि बांधलेले हवे, चौकटीवर कोणी उभे राहायचे नाही, हे त्याने स्पष्ट सांगितले. खांबवाल्याचे काम रद्द केले. पाळण्याचे आधार आम्ही ओंडक्याने दाखवलेल्या जागी बसवून घेतले. दांडा आणि पाते यांच्यासाठी मधली जागा मोकळी. वरून लाकडी फळ्या, फळ्यांवर जुन्या सतरंज्या. सतरंज्यांचा आग्रह कोणाचा, हे सांगायला नको.

पाऊस संपता संपता, तलाव भरलेला असताना, लिफ्ट धक्क्याला जोडली. प्रथम खुर्चीत वाळूची पोती बांधून होडी वर-खाली केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मी पोती काढली आणि स्वतः खुर्चीत बसलो. पट्टा आवळला. तांडेलांना म्हणालो, "एका टाकीची हवा पूर्ण सोडा."

"येकाच?"

"एकाच. वाईटात वाईट काय होते ते बघू."

त्यांनी झडप उघडली. हवा सुसाटत बाहेर पडली. होडी डावीकडे कलू लागली, फार हळू. मी हात मांडीवर ठेवले होते. पाळणा एका बाजूने बुडाला, होडीचे पोट पाण्याला टेकले, ती त्यावरून सुटली आणि सरळ झाली. मी तलावात तरंगत होतो. यापेक्षा वाईट काही होणार नव्हते. पडवीतून भाभी म्हणाल्या, "भाऊ, सुकाणू सरळ धरा." मी सुकाणूला हात लावला नव्हता. आता लावला.

त्या रविवारी त्या आल्या. उतरत्या फळीवरून खुर्ची तांडेलांनी आणली, पण धक्क्यावर आल्यावर हात काढून घेतले. होडी वर घेतलेली होती, धक्क्याला समतल, जमिनीसारखी स्थिर. भाभींनी उजव्या हाताने चाक फिरवले. खुर्ची तिरकी गेली. कोणीही पुढे झाले नाही. त्यांनी पाऊल टेकवून ती सरळ केली, पुन्हा चाक फिरवले, आणि फळी ओलांडून आत गेल्या. मी चाके बांधली, पट्टा आवळला आणि झडपेपाशी परत आलो. तांडेल इंजिनाशेजारी बसले. लिफ्ट चालवणाऱ्याला धक्क्यावरच थांबावे लागते.

हवा सोडली. होडी खाली गेली. तळाला पाणी लागले तसा तिला एक हलका झोका बसला. भाभींनी डोळे मिटले आणि उघडले. तांडेलांनी इंजिनाला काही सांगितले. ते तिसऱ्या फेऱ्याला धडधडले. होडी मागे सरकली, वळली आणि तलावाच्या मधोमध निघाली. इंजिनाचा आवाज डोंगराला लागून परत येत होता. त्या आवाजातूनही त्यांची भांडणे ऐकू येत होती. ती वेगाविषयी होती.

तलावाच्या पलीकडच्या टोकाला इंजिन बंद पडले. मी उभा राहिलो. दोर हातात घेतला, पण तेवढ्या दूर दोर पोहोचण्यासारखा नव्हता. होडी स्थिर होती. दोघे स्थिर होते. काही वेळाने मला दिसले की इंजिन बंद पडले नव्हते, बंद केले होते. मी दोर परत गुंडाळून ठेवला आणि पाठमोरा बसलो.

ऊन वर आल्यावर ते परतले. होडी पाळण्यावर नेमकी आणणे अवघड असते; ती दोनदा चुकेल असे मी धरून चाललो होतो. भाभींनी एका हाताने सुकाणू वळवून ती पहिल्या खेपेला आणून बसवली. मी टाक्यांत हवा भरली. होडी पाण्यातून वर आली, तळातून पाणी ठिबकत राहिले, धक्क्याला समतल झाली. मी पट्टा सोडायला गेलो.

"राहू द्या भाऊ," भाभी म्हणाल्या. "एवड्यात उतरत नाय मी."

त्यांच्या पायाशी फडक्यात बांधलेला डबा होता. तांडेलांनी तो सोडला. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या कोलंबीच्या सोड्यांचे कालवण. इंजिनाच्या झाकणावर त्यांनी तीन ताटल्या मांडल्या. झाकण अजून गरम होते.

"ये रं," ते मला म्हणाले.

मी झडप घट्ट बंद केली, पुन्हा एकदा तपासली. मग बूट काढून धक्क्यावर ठेवले आणि आत गेलो.